ठिपक्यांचे रणांगण

उत्तम संगणक घरी असताना मिळवता मुलगा चौकोनी ठिपक्यांचे, चाळीस वर्षांपूर्वीच्या वळणाचे खेळ खेळत बसतो, याचे वडील मंडळींस नवल वाटते. पैसे मोजून ओबडधोबडपणा का घ्यावा, हा त्यांचा प्रश्न आमच्या राजुरासही, या कोळशाच्या खाणींच्या गावी, कानी येतो. त्याचा आज थोडा विचार करू.

या जातीच्या खेळात एक वीर धावतो, उड्या मारतो आणि अखंड गोळ्या झाडतो. त्यांतील अग्रणी म्हणजे 'काँट्रा'. जपानच्या कोनामी कंपनीने तो 1987 साली काढला. 1988 साली तो निंटेंडोच्या घरगुती यंत्रावर आला. पुढील दशकात, दूरचित्रवाणीस जोडावयाच्या स्वस्त नकली यंत्रांतून, तो आपल्याकडील घरांत शिरला. निंटेंडोच्या त्या यंत्राचे चित्र 256 ठिपके रुंद व 240 ठिपके उंच. हलत्या आकृतीच्या प्रत्येक तुकड्यास रंग तीनच. एवढ्यात चित्रकारांनी धावणारा, निजून नेम धरणारा, कोलांटी घेणारा माणूस उभा केला. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या भगिनींस यातील मर्म सांगावयास नको. ठिपके मोजके असले म्हणजे एकही वाया घालवून चालत नाही.

नियमही तसेच मोजके. प्राण तीन, गोळी लागली की एक गेला. मात्र शत्रू बहुधा ठरल्या जागीच भेटतात. म्हणून दहा वेळा मेलेला मुलगा अकराव्या वेळी तेथे सावध असतो. आमच्या पाठांतरातील आवृत्तीचाच हा न्याय! वर-वर, खाली-खाली, डावे-उजवे, डावे-उजवे, मग बी व ए, अशा कळा आरंभी दाबल्यास तीस प्राण मिळतात. 'देव' शब्द चालविताना अडखळणाऱ्या मुलासही हा मंत्र मुखोद्गत असे. तथापि तीस प्राणांचा धनी उधळा होतो. तीन प्राणांचा धनी शिकतो.

पुढे यंत्रे समर्थ झाली, तरी ही रीत लोपली नाही. 1996 सालचा 'मेटल स्लग' ठिपक्यांच्याच कलाकुसरीने गाजला. ब्राझीलमधील कारागिरांनी 2019 साली 'ब्लेझिंग क्रोम' काढला, तो जुनी मर्यादा बुद्ध्या पत्करून.

या खेळांचा मोठा गुण असा की ते संपतात. निंटेंडोवरील 'काँट्रा' आठ टप्प्यांत आटोपतो. निष्णातास अर्धा तासही लागत नाही. आजचे मोबाईलवरील पुष्कळ खेळ सरतच नाहीत. ते रोज बक्षिसाची लालूच दाखवून मुलास परत बोलावतात आणि अडले की पैसे मागतात. घराला धोका आहे तो या अंतहीनतेचा.

गोळीबाराविषयी आक्षेप उरतोच, आणि तो मला मान्य आहे. अगदी लहान मुलांच्या हाती हे खेळ देऊ नयेत. पण जाणत्या मुलांना खेळू द्यावयाचे तर दोघांनी मिळून खेळू द्यावे. 'काँट्रा'च्या तिसऱ्या टप्प्यात धबधबा चढावा लागतो. पुढचा घाईने वर गेला की चित्र वर सरकते आणि खाली राहिलेला साथीदार हकनाक मरतो. मागच्यासाठी थांबावे, हा धडा थोरल्या भावास तेथे कोणी न सांगता मिळतो. आपल्या एकत्र कुटुंबांस त्याची गरज आजही आहे.