'म्हातारचळ' म्हणून सुटका नाही

अकोल्यातील एप्रिलची दुपार. दार उघडे राहिलेले आणि आजी घरात नाहीत. शेजारची मुले मोटारसायकली काढतात. राजराजेश्वराचे मंदिर, बसस्थानक, रेल्वेचे फलाट असा शोध सुरू होतो. सापडल्यावर आजी सांगतात, "मी माहेरी निघाले होते." माहेरचे घर पडून चाळीस वर्षे लोटलेली असतात. ओठ सुकलेले असतात. पण तहान लागली हे सांगण्याचे भान उरलेले नसते. प्रसंग कल्पनेतला असला तरी अनेक घरांना तो ओळखीचा वाटेल. आपण त्याला 'म्हातारचळ' म्हणून मोकळे होतो. वस्तुतः स्मृतिभ्रंश हा वार्धक्याचा स्वभाव नव्हे. तो मेंदूचा विकार आहे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना हा विकार आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आहे. २०११ च्या जनगणनेत अमरावती व अकोला जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून ४७ लाख होती आणि राज्यात साठीपुढील माणसे दहा टक्क्यांच्या जवळपास. या हिशेबाने केवळ या दोन जिल्ह्यांत तीस हजारांहून अधिक रुग्ण असावेत. ते आहेत कुठे?

"आमच्याकडे कुटुंबसंस्था आहे, वृद्धाश्रम पाश्चात्त्यांना लखलाभ," असे आपण व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो. अभिमान रास्तच आहे. पण घराघरांतले चित्र काय? मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरूत आणि ऐंशी वर्षांचे आजोबा स्वतःच्या थरथरत्या हातांनी पत्नीला न्हाऊ घालताहेत. मुलगा घरी असलाच, तर सारा भार सुनेवर. रात्र रात्र जागायचे, कपडे बदलायचे, चोरीचा आळ ऐकून घ्यायचा, आणि तोही हसतमुखाने. 'कुटुंब सांभाळते' याचा अर्थ पुष्कळदा 'एक बाई झिजते' एवढाच असतो.

बाहेर आधार शोधावा, तर बहुतेक वृद्धाश्रमांना स्वतःचे स्वतः करू शकणारी माणसेच हवी असतात. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. आणि विसरलेल्या आईची जागा मनोरुग्णालयात नाहीच. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आईवडिलांना टाकून देणाऱ्यास शिक्षा सांगतो. परंतु थकलेल्या हातांना विसावा देणे कायद्याच्या आवाक्यातले नाही.

नेदरलँड्समधील वेस्प गावी २००९ मध्ये 'होगवेक' ही वसाहत उभी राहिली. सहा-सात रुग्णांचे एकेक घर, स्वतःचे स्वयंपाकघर, दुकान, मोकळा चौक आणि सुरक्षित कुंपण. ओळखीचे वातावरण या रुग्णांना शांत ठेवते, हे त्यामागील सूत्र. मोठा खर्च करून त्यांनी जे उभारले, ते ओसरी, तुळशीवृंदावन आणि सायंकाळच्या भजनाच्या रूपाने आपल्यापाशी होतेच. मुलाचे नाव विसरलेला माणूसही लहानपणीचा अभंग पुष्कळदा बिनचूक म्हणतो.

म्हणून प्रत्येक नगरात मंदिराच्या सभागृहात दिवसभराचे एक केंद्र का सुरू होऊ नये? सकाळी दहा ते सायंकाळी पाच, दहा-बारा ज्येष्ठ, प्रशिक्षित परिचारिका आणि आळीपाळीने येणारे कार्यकर्ते. ज्यांचे कुणीच नाही, त्यांच्यासाठी सात-आठ जणांचे छोटे घर. "अशाने मुले जबाबदारी झटकतील," हा आक्षेप येईल. पण दिवसा केंद्रात गेलेली आई सायंकाळी घरीच परतते, आणि दमलेली सून तिच्याशी गोड बोलू शकते. अशा सोयीने घर मोडत नाही, ते तगते.

हे अमरावतीला अशक्य आहे काय? कुष्ठरोग्याला घरचे दार बंद होते, त्या काळात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी येथेच तपोवन उभारले. टाकून दिलेल्या अपंग मुलांचे शंकरबाबा पापळकर वझ्झरला आजही बाप आहेत. या मातीत सेवेची परंपरा आहे. प्रश्न आपल्या संकल्पाचा आहे.

आरंभ मात्र लहान असू द्या. या रविवारी आपल्या वस्तीतील अशा एका घरी जा, दोन तास आजींजवळ बसा आणि सुनेला म्हणा, "वहिनी, तुम्ही जरा मंदिरात जाऊन या."