चाहते की साक्षीदार?

मी मुंबई इंडियन्सचा चाहता आहे. का, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे पटण्याजोगं उत्तर नाही. घर मुंबईजवळ, घरातले सगळे त्याच संघाचे, म्हणून मीही. दुसऱ्या शहरात जन्मलो असतो तर पिवळा किंवा लाल टी-शर्ट घालून तितक्याच जोरात ओरडलो असतो. आपल्यापैकी बहुतेकांना धर्मही असाच मिळालेला असतो: जन्माने, आईवडिलांकडून, न निवडता.

साम्य इथेच थांबत नाही. दोन्हीकडे ठरलेला पोशाख असतो, घोषणा असतात, ठरलेल्या दिवशी जमणारी गर्दी असते, पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या थोरांच्या कथा असतात. शेवटच्या षटकात जागेवरून उठलं की विकेट पडते, असं मानणारे इंजिनिअर माझ्या ऑफिसात आहेत. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्केम यांनी १९१२ साली धर्मावरच्या आपल्या ग्रंथात या अनुभवाची मांडणी केली आहे. माणसं एकत्र जमून एकच कृती करू लागली की त्यांच्यात सामूहिक उधाण येतं आणि ‘आपण’ ही भावना पक्की होते. वानखेडेवर षटकार बसला की अनोळखी माणसं एकमेकांना मिठी मारतात. ईदच्या नमाजनंतरही अनोळखी माणूस आपल्याला गळामिठी देतो. या भावनेत वाईट काही नाही. माणसाला तिची गरज असते.

अडचण पुढे येते. २३ नोव्हेंबर १९५१ रोजी अमेरिकेत डार्टमथ आणि प्रिन्स्टन या दोन शिक्षणसंस्थांमधला अमेरिकन फुटबॉलचा सामना फार धसमुसळा झाला. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन संशोधकांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याची एकच फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथचे नियमभंग आपल्या संघाच्या दुपटीहून जास्त दिसले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना दोन्ही संघांचे जवळपास सारखेच दिसले. इनपुट एकच, आउटपुट दोन. मुलं मुद्दाम खोटं बोलत होती असं नाही. त्यांना तसंच दिसत होतं.

धर्माला संघ मानलं की हीच नजर समाजात उतरते. मुंबईच्या क्रिकेटमध्ये तर धर्मांचे खरोखरच संघ होते: हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि १९३७ पासून उरलेल्या सगळ्यांचा ‘रेस्ट’. सांगलीचे विजय हजारे ख्रिश्चन, म्हणून ते ‘रेस्ट’मधून खेळत. १९४० साली गांधीजींनी या धर्मवार सामन्यांना विरोध केला. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी हेही विरोधकांमध्ये होते. १९४६ साली ती स्पर्धा बंद झाली.

स्पर्धा गेली, सवय राहिली. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत पाकिस्तानने भारताला दहा गडी राखून हरवलं. हरले अकरा जण, पण धर्मावरून शिव्या खाल्ल्या मोहम्मद शमीने. कर्णधार विराट कोहली जाहीरपणे त्याच्या पाठीशी उभा राहिला. दोन वर्षांनी विश्वचषकात शमीने सर्वाधिक २४ बळी घेतले, तेव्हा तोच सगळ्यांचा लाडका झाला. आपलेपणा असा कामगिरीवर मोजून दिला जातो, हे आपल्याला झोंबतं. झोंबायलाच हवं.

पण तीच नजर आपल्याही मोहल्ल्यात आहे का? बाहेरच्यांशी वाद घालताना आपण अभिमानाने सांगतो की इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वी मुलीला वारसाहक्क दिला. खरं आहे. मग अब्बांच्या इंतकालनंतर बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या का घेतल्या जातात? एखादीने हिस्सा मागितला तर ती लालची ठरते. कुणी हा प्रश्न ग्रुपवर मांडला तर पहिलं उत्तर येतं, ‘आत्ता ही वेळ आहे का? विरोधकांच्या हातात कोलीत कशाला देतोस?’ हे उत्तर चाहत्याचं आहे. चाहत्याला संघाचे विक्रम तोंडपाठ असतात, पण मैदानात उतरून धावा काढायची जबाबदारी त्याच्यावर कधीच नसते.

दीन मात्र ही जबाबदारी आपल्यावर टाकतो. सूरह निसाच्या १३५व्या आयतीत ईमानवाल्यांना न्यायाची साक्ष द्यायला सांगितलं आहे, मग ती साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातेवाइकांच्या विरोधात जात असली तरी. कुठलाही फॅन क्लब आपल्या सदस्याकडून असं काही मागत नाही. धर्म आणि चाहतेपणा यांच्यातलं साम्य इथे संपतं.

आपल्याकडे रोज निष्ठेचा पुरावा मागितला जातो, अशा वातावरणात एकमेकांना धरून राहावंसं वाटणं साहजिक आहे. धरून राहूच. पण बहिणीचा हिस्सा दाबून जपलेली एकजूट तिच्या काय कामाची? पुढच्या वेळी मोहल्ल्यातली चूक कुणी दाखवली, मग तो घरचा असो की बाहेरचा, तर ‘हा कुणाच्या बाजूचा?’ हा प्रश्न थोडा मागे ठेवू या. आधी विचारू या, तो म्हणतो ते खरं आहे का? आणि खरं असेल तर दुरुस्तीची सुरुवात आपल्याच घरच्या सातबाऱ्यापासून करू या.