प्रेमाला मरणाची अट

1957 साली जपानमध्ये नोबुको योशिया या लेखिकेने चियो मोन्मा या बाईंना कायद्याने दत्तक घेतले. योशियांनी तेव्हा साठी ओलांडली होती. चियोही बालिका नव्हत्या. 1923 मध्ये दोघींची गाठ पडली आणि तेव्हापासून त्यांचा संसार एकच होता. योशिया त्यांच्या काळातल्या अतिशय लोकप्रिय लेखिका. पैसा होता, कीर्ती होती, स्वतःचे घर होते. नव्हता तो फक्त आपल्या माणसाला आपले माणूस म्हणण्याचा कायदेशीर हक्क. दोन स्त्रियांना लग्न करता येत नव्हते, म्हणून आयुष्याच्या जोडीदारणीला कागदोपत्री मुलगी व्हावे लागले. ज्या समाजाने योशियांच्या कथा डोक्यावर घेतल्या, त्याच समाजाने त्यांच्या संसाराची नोंद नाकारली.

ही एका लेखिकेची खासगी अडचण नव्हती. स्त्रियांमधल्या प्रेमाची गोष्ट आवडीने वाचायची आणि त्या प्रेमाला जगण्याचा हक्क मात्र द्यायचा नाही, हा शंभर वर्षे चाललेला सामाजिक अन्याय आहे. जपानी चित्रकथांमध्ये, म्हणजे मंगांमध्ये, अशा प्रेमकथांची मोठी परंपरा आहे. तिला तिकडे ‘युरी’ म्हणतात. ती परंपरा वाचताना आणि तिच्यावर लिहिताना हा अन्याय पानोपानी समोर येतो. तो दिसूनही केवळ चित्रांच्या रेषांचे कौतुक करून पुस्तक मिटणारा समीक्षक आपले काम अर्धवट सोडतो.

या परंपरेचे मूळ मुलींच्या शाळांत आहे. 1899 च्या कायद्याने जपानच्या प्रत्येक प्रांतात मुलींसाठी माध्यमिक शाळा आवश्यक झाली. शाळेचा हेतू मुलींना स्वतंत्र करण्याचा नव्हता. ‘सुगृहिणी आणि सुज्ञ माता’ घडवणे हे सरकारचे उघड धोरण होते. पण मुली वसतिगृहांत एकत्र राहू लागल्या, वाचू लागल्या, एकमेकींना पत्रे लिहू लागल्या आणि एकमेकींवर प्रेमही करू लागल्या. 1916 पासून मासिकातून येऊ लागलेल्या योशियांच्या ‘हाना मोनोगातारी’ या फुलांच्या नावांनी गुंफलेल्या कथांनी त्या मुलींना शब्द दिले. समाजाने हे प्रेम सोसले, पण एका अटीवर. शाळा संपली की ते संपले पाहिजे. मुलीने डोळे पुसावेत आणि बोहल्यावर उभे राहावे. जे प्रेम ठरलेल्या तारखेला मरायला तयार असते, त्याला समाज ‘निरागस’ म्हणतो. ज्याने मरायला नकार दिला, ते ‘विकृत’ ठरते. 1911 मध्ये शाळा संपवून बाहेर पडलेल्या दोन मुलींनी एकत्र समुद्रात जीव दिला, तेव्हा जपानी वर्तमानपत्रांनी मुलींच्या मैत्रीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. त्यांना वेगळे करणाऱ्या व्यवस्थेची चौकशी करणारे फार थोडे निघाले.

योशियांनी ही अट झुगारली होती. 1920 च्या त्यांच्या कादंबरीत पोटमाळ्यावरच्या खोलीत राहणाऱ्या दोन तरुणी अखेर एकत्र जगण्याचा निश्चय करून बाहेर पडतात. जगण्याचा शेवट लिहिता येतो, हे एका स्त्रीने तेव्हाच दाखवून दिले होते. तरीही पुढे पन्नास वर्षांनी, 1971 मध्ये, र्योको यामागिशी यांची ‘शिरोई हेया नो फुतारी’ आली तेव्हा काय झाले? युरी मंगांची पहिली कथा म्हणून जिचे नाव घेतले जाते ती हीच. फ्रान्समधली निवासी शाळा, एका खोलीत राहणाऱ्या दोन मुली, हळूहळू उमलणारे प्रेम, मग कुजबुज. रेसीन त्या कुजबुजीला घाबरून घरी परतते, सिमोन मरते. मागे उरलेली रेसीन पुन्हा कुणावर प्रेम न करण्याचे ठरवते. यामागिशींनी आपल्या काळाचे सत्यच रेखाटले, दोष त्यांचा नाही. पण त्यानंतर कितीतरी वर्षे एकीचा मृत्यू, एकीचे लग्न, एकीचे वेड हाच साचा पुन्हा पुन्हा वापरला गेला आणि वाचकांनी तो ‘करुणरम्य’ म्हणून स्वीकारला. मुलींचे मरण पाहून रडायला माणसे तयार होती, त्यांना मारणाऱ्या कुजबुजीत आपलाही आवाज आहे हे मान्य करायला तयार नव्हती.

जिथे मरण नव्हते तिथे खोटे होते. नाओको ताकेउची यांच्या ‘सेलर मून’मध्ये हारुका आणि मिचिरु या दोघी उघडपणे एकमेकींच्या प्रेमात आहेत. मूळ जपानी कथेत त्यात काही आडपडदा नाही. पण तिच्यावरची मालिका अमेरिकेत इंग्रजीत उतरवताना त्या दोघींना चुलत बहिणी करून टाकले. मुलांना सत्यापासून वाचवायचे म्हणून मोठ्यांनी मुलांनाच फसवले. ज्या मुलीला त्या दोघींत स्वतःचे काही ओळखू आले असेल, तिला त्या दिवशी शिकवण काय मिळाली? तुझ्यासारखी माणसे नसतात, आणि असलीच तर त्यांनी दुसऱ्या नात्याचे सोंग घ्यावे.

आज ही परंपरा बदलली आहे, आणि ती बहुतांशी स्त्री लेखकांनी बदलली आहे. नाकातानी निओ यांची ‘यागाते किमी नि नारु’ (2015 ते 2019) शाळेतच सुरू होते, पण शाळेबरोबर संपत नाही. शेवटच्या प्रकरणात युउ आणि तोको या दोघी नायिका महाविद्यालयात आहेत, एकत्र आहेत, त्यांच्या बोटांत अंगठ्या आहेत. त्याच कथेत कॅफे चालवणारी मियाको आणि शिक्षिका रिको हे मोठ्या वयाचे जोडपेही आहे. आपल्या मनातले कुणाला सांगावे हे न कळणाऱ्या सायाकाचे बोलणे मियाको शांतपणे ऐकून घेते. साधा प्रसंग आहे, पण त्यात मोठे सामाजिक सत्य आहे. तरुण मुलीला उपदेशापेक्षा असे एक मोठे, स्थिर, समाधानी माणूस समोर दिसण्याची गरज असते. आपण ते तिला दिसूच देत नाही.

साकाओमी युझाकी यांच्या ‘त्सुकुरिताइ ओन्ना तो ताबेताइ ओन्ना’मध्ये नोमोतोला रांधायला आवडते आणि तिच्या शेजारणीला, कासुगाला, मनसोक्त जेवायला. नोमोतोचा डबा पाहून कचेरीतला पुरुष सहकारी तिला चांगली गृहिणी होण्याचे प्रशस्तिपत्र देतो. स्वतःच्या आनंदासाठी केलेला स्वयंपाक कुठल्याशा भावी नवऱ्याच्या खात्यावर जमा होतो, याचा तिला संताप येतो. कासुगा अशा घरात वाढली आहे जिथे चांगले आणि पोटभर अन्न पुरुषांच्या ताटात जाई. पुरुषांची पंगत उठल्यावर बायकांनी उरलेसुरले खायचे, हे आपल्या किती घरांनी पाहिले आहे! या कथेवर जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, एनएचकेने, मालिका केली. दोन बायकांचे प्रेम हा केवळ प्रेमाचा प्रश्न नाही, तो ताटाचा, श्रमांचा, कुणाचे जगणे कुणासाठी आहे याचा प्रश्न आहे, हे ही कथा शांतपणे पटवते.

आणि तरीही ज्या देशात या कथांना वाहिलेले ‘कॉमिक युरी हिमे’ हे नियतकालिक 2005 पासून निघते आहे, त्या देशाच्या संसदेने अशा दोन स्त्रियांच्या विवाहाचा कायदा केलेला नाही. 2015 मध्ये तोक्योच्या शिबुया विभागाने जोडीदारीचे प्रमाणपत्र देण्यास सुरुवात केली, पुढे अनेक नगरपालिका त्या वाटेने गेल्या. पण त्या कागदाने वारसा मिळत नाही. 2021 मध्ये साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने विवाहाचा हक्क नाकारणे घटनाविरोधी ठरवले, 2024 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानेही तेच म्हटले. इतर काही न्यायालयांनी उलट निकाल दिले. कथा विकत घेणारा समाज हक्काच्या प्रश्नावर मात्र अजून घुटमळतो आहे.

आपल्याला जपानकडे बोट दाखवण्याचा अधिकार आहे काय? योशियांनी काढलेला दत्तकाचा मार्गसुद्धा आपल्याकडे बंद आहे. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यानुसार, वेगळी रूढी नसेल तर, पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला दत्तक घेता येत नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रेमाला गुन्ह्याच्या यादीतून काढले, पण 2023 मध्ये विवाहाचा हक्क देणे आपल्या हाती नाही असे सांगून तो प्रश्न संसदेवर सोडला. साहित्यातही चित्र वेगळे नाही. विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ 1981 मध्ये रंगभूमीवर आणली, तिच्यातली मित्रा अखेर जीव देते. दीपा मेहतांच्या ‘फायर’मधल्या दोघी मात्र जिवंत राहतात, एकमेकींकडे जातात. 1998 च्या डिसेंबरात त्या चित्रपटावरून मुंबईत चित्रपटगृहांवर हल्ले झाले. मरणारी मित्रा आपण नाटक म्हणून पाहून घरी गेलो. जगणाऱ्या दोघी आपल्याला पडद्यावरही सोसवल्या नाहीत.

आता आपल्या शहरांतल्या आणि गावांतल्या मुली मोबाइलवर इंग्रजी भाषांतरांतून या मंगा वाचतात. घरात कळले तर काय होते, हे सर्वांना ठाऊक आहे. फोन काढून घेतला जातो, स्थळे पाहायला सुरुवात होते, डॉक्टर शोधला जातो. ‘हे परदेशी खूळ आहे’ असे म्हटले जाते. तेंडुलकरांची मित्रा कोणती जपानी चित्रकथा वाचून तशी झाली होती? पुस्तकाने इच्छा जन्माला घातली नाही. पुस्तकाने फक्त सांगितले की ती इच्छा असणारी तू एकटी नाहीस. मुलीला एकटे ठेवणे हेच ज्यांच्या सत्तेचे साधन आहे, त्यांना हे पुस्तक घातक वाटणारच.

‘हे अश्लील आहे’ हा दुसरा आरोप. नागाता काबी यांचे 2016 चे आत्मकथनपर पुस्तक घ्या. त्याचे नाव आणि मुखपृष्ठ पाहून आपल्याकडचे पालक ते फेकून देतील. आत काय आहे? अठ्ठावीस वर्षांच्या मुलीचे नैराश्य, खाण्याचा आजार, स्वतःलाच इजा करणे, आईवडिलांच्या पसंतीसाठी झिजलेली दहा वर्षे आणि स्वतःच्या शरीराविषयीचे संपूर्ण अज्ञान. 2018 चा हार्वी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला. ते वाचून लाज वाटायची असेल तर ती मुलीला इतके अज्ञानात ठेवणाऱ्या समाजाला वाटावी. महाराष्ट्राला हे नवे वाटू नये. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’मधून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. पण ज्ञान मागणाऱ्या वाचकाला उत्तर नाकारणे हाच अपराध आहे, ही भूमिका त्या दोघांनी आपल्यापुढे ठेवली. आपण त्यांचे फोटो लावले आणि ती भूमिका बाजूला सारली.

समीक्षकांची जबाबदारी येथेच येते. एरिका फ्रीडमन यांनी अमेरिकेत वीस वर्षांहून अधिक काळ या कथा वाचून त्यांवर लिहिले, आणि 2022 मध्ये या कथांच्या शंभर वर्षांच्या इतिहासावर पुस्तक केले. एका दुर्लक्षित वाङ्मयाकडे गंभीरपणे पाहिले तर काय साधते, याचे ते उदाहरण आहे. मराठीत अशा कथेवर लिहायची वेळ आली की ‘दोन मैत्रिणींची हळवी गोष्ट’ असे लिहून मोकळे होऊ नका. प्रेमाला प्रेम म्हणा. शोकान्त कथेचे सौंदर्य वाखाणताना विचारा, मृत्यू कथेच्या गरजेने आला की समाजाच्या धाकाने? दोघी पुरुष वाचकाच्या करमणुकीसाठी रंगवल्या असतील तर तसे स्पष्ट लिहा. त्या जगण्यासाठी झगडत असतील तर त्यांच्या बाजूने उभे राहा. जिथे हक्कच मिळालेला नाही, तिथे तटस्थ राहणारा समीक्षक हक्क नाकारणाऱ्याच्याच पारड्यात वजन टाकतो.

मुलीला ‘दुरुस्त’ करायला डॉक्टरकडे नेणाऱ्या आईवडिलांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. असा ‘उपचार’ करणे हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये जाहीर केले आहे. दुसरी गोष्ट मद्रास उच्च न्यायालयाची. 2021 मध्ये घरच्यांच्या विरोधामुळे मदुराई सोडून आलेल्या दोन तरुणींचे प्रकरण न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यापुढे आले. आपल्याला हा विषय कळत नाही हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आणि समजून घेण्यासाठी ते स्वतः समुपदेशकासमोर बसले. न्यायाधीशाला शिकण्यात कमीपणा वाटला नाही, मग बापाला का वाटावा? समुपदेशनाची गरज मुलीला नसते, तिच्याकडे पाहणाऱ्या डोळ्यांना असते.

ग्रंथालयांनी ही पुस्तके आणावीत, मराठी प्रकाशकांनी त्यांची भाषांतरे करावीत, शिक्षकांनी मुलींना एकमेकींपासून तोडण्याआधी त्यांचे ऐकून घ्यावे. दोन स्त्रिया घर भाड्याने मागायला आल्या तर नात्याची उलटतपासणी करू नये. यांतल्या एकाही गोष्टीसाठी संसदेच्या परवानगीची गरज नाही. कायदा व्हायलाच हवा आणि तो मागत राहायला हवा. पण कायदा होईपर्यंत ज्या मुलींना आपण घरातून हाकलतो, बळजबरीने उजवतो, मरणाच्या दारात नेऊन सोडतो, त्यांचा जाब संसदेला नाही, आपल्याला द्यावा लागेल.

आपल्या लेकीने कुणावर प्रेम करावे हे ठरवण्याचा अधिकार समाजाला कुणीच दिलेला नाही. तो त्याने बळकावलेला आहे. बळकावलेली वस्तू परत करण्यासाठी मन मोठे असावे लागत नाही, फक्त न्यायबुद्धी जागी असावी लागते.