सरासरीच्या पोटात शिरायला शिकूया



वार्षिक सभेची नोटीस आली की सोबत अहवाल येतो. पहिली दोन पाने आपण वाचतो, फोटो बघतो आणि आकड्यांचे तक्ते आले की पान उलटतो. मग सभेत एक जण म्हणतो, उतारा वाढला. दुसरा म्हणतो, उतारा मारला. आवाज दोघांचाही मोठा, पण तक्ता दोघांनीही वाचलेला नसतो. आमचे स्पष्ट मत आहे की ऊसवाल्याने आता थोडे संख्याशास्त्र शिकलेच पाहिजे. नाव जड आहे, काम जड नाही.

उताऱ्याचेच घ्या. समजा, एका कारखान्याने हंगामाच्या सुरुवातीला १ लाख टन ऊस गाळला आणि उतारा ९ टक्के पडला. पुढे थंडीत ३ लाख टन गाळला, उतारा ११.५ टक्के. सरासरी किती? पारावर उत्तर मिळेल : नऊ अधिक साडेअकरा, भागिले दोन, म्हणजे १०.२५. हे चूक. ज्या उताऱ्याचा ऊस जास्त, त्याचा भार जास्त धरायचा. तसा हिशेब केला की सरासरी १०.८७५ येते. हिला भारित सरासरी म्हणतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली आणि त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. वरच्या दोन सरासऱ्यांत असे सहा पूर्ण टप्पे बसतात. म्हणजे टनाला २०७ रुपये ६० पैसे! नुसत्या भागाकाराच्या रीतीवर एवढे पैसे अवलंबून असतील, तर ती रीत आपल्याला यायला नको का?

दुसरी गोष्ट तुलनेची. 'शेजारच्या कारखान्याचा उतारा बघा' हे आपले पेटंट वाक्य. पण त्याने सगळा रस साखरेला वापरला असेल आणि आपण बी-हेवी मळी इथेनॉलला वळवली असेल, तर आपली साखर पोत्यात कमी दिसणारच. ती वळवलेली साखर मिळवल्याशिवाय दोन आकडे शेजारी मांडू नयेत. उसाची जात, लागण की खोडवा, तोडणीचा महिना हेही बघावे लागते. बैलाची तुलना बैलाशी करावी, ट्रॅक्टरशी नव्हे.

तिसरी गोष्ट नमुन्याची. माती परीक्षणाला आपण बांधाकडेची किंवा उकिरड्याजवळची माती घेत नाही. शेतभर नागमोडी फिरून ठिकठिकाणची घेतो, मिसळतो आणि त्यातली अर्धा किलो पाठवतो. हेच नमुनाशास्त्र. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी याच विचाराने पीक कापणी प्रयोगांची शास्त्रशुद्ध पद्धत देशात रुजवली. कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर कडेची झाडे आत धरली जातात आणि उत्पादन फुगून दिसते, हे त्यांनी दाखवून दिले. पीक विम्याची भरपाई आजही बऱ्याच ठिकाणी कापणी प्रयोगांवरच ठरते. तेव्हा नमुना कुठला आणि कसा घेतला, हे विचारणे आपल्या हिताचे आहे.

चौथी गोष्ट बाटलीची. कोणीतरी टॉनिक फवारतो, एकरी शंभर टन काढतो आणि गावभर बाटल्या खपतात. पण त्याच साली त्याने ठिबक केले, बेणे बदलले, हे कोण बघतो? त्याच शेतात चार सऱ्या बिनफवारणीच्या ठेवल्या असत्या, तर बाटलीची खरी किंमत कळली असती.

कोणी म्हणेल, चीफ केमिस्ट आहेत, लेखापरीक्षक आहेत, मग आम्ही कशाला डोके शिणवायचे? त्यांचे काम आकडे देण्याचे. ते समजून घेणे हे मालकाचे काम, आणि कारखान्याचे मालक आपण आहोत. न समजता केलेली वाहवा जशी कारखान्याला बुडवते, तशीच न समजता उठवलेली आवई. आकडा समजणारा सभासद संचालकांना जाबही विचारील आणि खोट्या अफवेपुढे कारखान्याच्या बाजूने उभाही राहील.

म्हणून आमची सूचना अशी. गाळप बंद झाल्यावर प्रत्येक गट कार्यालयात चार संध्याकाळचा वर्ग घ्यावा. सरासरी, भारित सरासरी, टक्केवारी, नमुना आणि तुलना, एवढेच विषय. पुस्तक म्हणून आपलाच वार्षिक अहवाल वापरावा. कॉलेजातल्या पोरांना बोलवावे आणि ज्यांच्या नावावर शेअर आहे त्या माता-भगिनींनाही आवर्जून बोलवावे. अहवालातही नुसती सरासरी न छापता महिनावार गाळप आणि उतारा शेजारी शेजारी छापावा, म्हणजे ज्याला पडताळायचे त्याला घरी बसून पडताळता येईल.

वजनकाटा बरोबर आहे का, हे आपण डोळ्यात तेल घालून बघतो. तसेच आता आकड्यांकडेही बघायला शिकले पाहिजे.