डिस्कची जाडी कोण मोजणार?

मागच्या आठवड्यात मेव्हण्यासाठी अकरा वर्षं जुनी कार बघायला गेलो होतो. विकणारा म्हणाला, "ब्रेक एकदम ओके, पॅड आत्ताच नवे टाकलेत." आमच्या मेस्त्रीनं पुढचं चाक उतरवलं, डिस्कवरून कडेकडं नख फिरवलं. नख अडकलं, एवढी कड उभी राहिली होती. मायक्रोमीटर लावला, 19.2 मिलिमीटर. आणि डिस्कवरच कोरलेलं किमान माप 20!

आता गंमत बघा. ही गाडी नावावर करायला फॉर्म 29, 30, विमा, पीयूसी लागतं. म्हणजे धूर मोजायचा, ब्रेक नाही. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, तोवर सरकारी माणूस चाकाकडं बघणार नाही. पुढं पासिंगला मशीनच्या रोलरवर घातली तरी ब्रेकचा जोर कळतो, डिस्क किती उरली ते कळत नाही. पातळ डिस्क सपाटीवर, थंड असताना झकास धरते. घाटात तापली की थरथरते, तडकते.

म्हणे कडक तपासणी झाली तर गरिबाची गाडी महागेल. अहो, फसवून पातळ डिस्क गळ्यात मारतात ती गरिबाच्याच ना? चाक उतरवून माप घ्यायला कितीसा वेळ लागतो? नावावर करतानाच दोन्ही पुढच्या डिस्कची जाडी कागदावर लिहा, एवढंच मागणं आहे.

आम्ही ती गाडी सोडली. काल बाजाराच्या दिवशी स्टँडसमोर उभी दिसली. काचेवर कागद: विकणे आहे, ब्रेक नवीन.