ठणका थांबला, पण दाढ वाचली नाही

हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूर रस्त्याने भवानीनगरच्या कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या दिसू लागतात. उसाचे कांडे दाताने सोलून खाणे ही आमची लहानपणापासूनची सवय. त्याच सवयीने आमची एक दाढ गेली.

त्या दाढेचे रूट कॅनाल झाले होते. डॉक्टरांनी कॅप बसवायला सांगितले होते. पण ठणका थांबला, मुलीच्या फीची तारीख आली आणि कॅप पुढच्या पगारावर गेली. असे आठ पगार झाले. एके दिवशी कांडे चावताना कट्कन आवाज झाला. दाढ मुळापर्यंत उभी चिरली. ती काढावी लागली आणि आधीचा खर्चही पाण्यात गेला. चूक आमचीच.

नस काढल्याने दात वाळक्या लाकडासारखा ठिसूळ होतो, असे बरेच जण समजतात. खरे कारण वेगळे आहे. किडीने आणि कोरण्याने दात जेवढा कमी होतो, तेवढी त्याची ताकद जाते.

दात फारच थोडा उरला असेल तर डॉक्टर पोस्ट सुचवतात. पोस्ट म्हणजे मुळाच्या पोकळीत चिकटवलेली बारीक कांडी. पूर्वी ती धातूची असे. १९९० च्या सुमारास फायबरची आली. आज ती बहुधा काचेच्या धाग्यांची असते. पोलादी पोस्ट दातापेक्षा सुमारे दहापट ताठ. जोर आला की ती वाकत नाही, मूळच फुटण्याचा धोका असतो. फायबरची पोस्ट दाताबरोबर किंचित लवते. बिघाड झालाच तर बहुतेक वेळा ती सुटून येते, मूळ शाबूत राहते आणि दात पुन्हा बांधता येतो.

पण पोस्टने दात मजबूत होतो, हा समज चुकीचा आहे. ती वरचे भरण धरून ठेवते, एवढेच. तिच्यासाठी मूळ जास्त कोरले तर दात उलट कमजोर होतो. खरे बळ हिरडीच्या वर उरलेल्या स्वतःच्या दाताचे. चारी बाजूंनी सुमारे २ मिलिमीटर काठ शाबूत असला, की बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव आवळून धरते, तशी कॅप दाताला धरते.

म्हणून बंधू-भगिनींनो, काम सुरू होण्याआधीच तीन गोष्टी विचारा. कॅप धरून एकूण खर्च किती? हिरडीवर दात किती उरेल? पोस्ट खरोखर लागेल का? दाढेच्या भिंती बऱ्यापैकी उरल्या असतील तर पुष्कळदा ती लागत नाही.

पैशांची अडचण असेल तर संकोच न करता सांगा. सरकारी रुग्णालयात चौकशी करा. दंत महाविद्यालयांत शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी कमी खर्चात काम करतात. मुंबईचे शासकीय दंत महाविद्यालय सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे. कॅप बसेपर्यंत त्या बाजूने ऊस, फुटाणे, सुपारी चावू नका.

ठणका थांबला म्हणजे अर्धे काम झाले. उरलेल्या अर्ध्याचे पैसे आधी बाजूला काढा.