चिखलातली प्रतिकारशक्ती

ठाणे खाडीला २०२२मध्ये रामसर दर्जा मिळाला, तेव्हा कौतुक झाले ते रोहित पक्ष्यांचे. ऐरोली-वाशीच्या कांदळवनातली चिंबोरी दुर्लक्षितच राहिली. तिच्या शरीरात आपल्यासारखी प्रतिपिंडे तयार होत नाहीत. तरीही तिची प्रथिने जिवाणू आणि बुरशी यांच्या पेशीभित्तिकेतले खास रेणू ओळखतात. मग रक्तपेशी जंतूंना गिळतात, वेढा घालतात. काळे मेलॅनिन साचून ते कोंडले जातात. फळमाशीतल्या अशाच जन्मजात प्रतिकारशक्तीच्या शोधासाठी ज्यूल हॉफमन यांना २०११चे नोबेल विभागून मिळाले. माणसाची प्रतिकारशक्ती समजायलाही त्यातून वाट सापडली. प्रदूषित पाण्याचा ताण मात्र चिंबोरीची ही प्राचीन क्षमता दुबळी करतो. म्हणून खाडीचे आरोग्य तपासताना पक्षिगणनेइतकेच महत्त्व चिखलातल्या जिवांना मिळावे, हा आमचा आग्रह आहे. हा अंक त्यासाठीच.